विश्लेषण : देवमाशांच्या खाडीला शिकाऱ्याचे नाव का? कोण होते कॅप्टन स्कॅमन?

दर हिवाळ्यात मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया किनाऱ्यावर करडे देवमासे, म्हणजेच ग्रे व्हेल, पाहायला जगभरातून पर्यटक येतात. तिथल्या एका प्रमुख खाडीचे मूळ नाव ‘ओहो दे लिएब्रे’, म्हणजे सशाचा डोळा. मात्र इंग्रजीत ती ‘स्कॅमन्स लगून’ म्हणून ओळखली जाते. ज्यांच्या हातून इथल्या देवमाशांची कत्तल सुरू झाली, त्याच कॅप्टनचे हे नाव.

देवमासे इथे का येतात?

उन्हाळ्यात हे देवमासे बेरिंग आणि चुकची समुद्रांत तळाशी राहणारे छोटे जीव खाऊन चरबी साठवतात. थंडी सुरू झाली की दक्षिणेकडे निघतात. जाऊन-येऊन हा प्रवास १६ ते २० हजार किलोमीटरचा. बाहाच्या उथळ, उबदार खाड्यांत माद्या पिलांना जन्म देतात. जन्मतःच साडेचार मीटरच्या आसपास असलेले पिलू आईच्या दाट दुधावर वाढते. आई मात्र या काळात जवळजवळ उपाशीच असते.

स्कॅमन तिथे कसे पोहोचले?

चार्ल्स मेलव्हिल स्कॅमन यांचा जन्म १८२५ मध्ये अमेरिकेतील मेन राज्यात झाला. सोन्याच्या शोधात माणसे कॅलिफोर्नियाकडे धावत होती, त्याच काळात तेही तिथे पोहोचले आणि पुढे शिकारी जहाजांवर कप्तान झाले. तेव्हा दिव्यांसाठी आणि यंत्रांसाठी देवमाशाच्या चरबीचे तेल लागे. १८५७-५८ च्या हिवाळ्यात ‘बॉस्टन’ हे जहाज आणि सोबत ‘मरीन’ ही छोटी नौका घेऊन ते या खाडीत शिरले.

सुरुवातीला पिलांच्या रक्षणासाठी चवताळलेल्या माद्यांनी त्यांच्या होड्या फोडल्या, खलाशी जखमी झाले. मराठीत आपण ज्याला देवमासा म्हणतो, त्याला हे शिकारी सैतानी मासा म्हणत. मग स्कॅमन यांनी होड्या उथळ पाण्यात उभ्या केल्या आणि खोल भागातून जाणाऱ्या देवमाशांवर बंदुकीने स्फोटक भाले डागले. जहाज तेलाने भरून परतले. पुढच्याच हंगामात इतर जहाजे त्यांच्या मागावर आली आणि काही वर्षांतच खाडी ओस पडू लागली.

शिकारी अभ्यासक कसा झाला?

१८६१ मध्ये स्कॅमन सरकारी सागरी महसूल दलात दाखल झाले. मात्र त्याआधीपासूनच ते मारलेल्या प्राण्यांची मापे घेत, चित्रे काढत, सवयी टिपून ठेवत. यातूनच १८७४ मध्ये उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील सागरी सस्तन प्राण्यांवरचा त्यांचा ग्रंथ आला. करडा देवमासा कायमचा नामशेष होईल का, ही शंकाही त्यांनी त्यात मांडली. ग्रंथ फारसा खपला नाही. उरलेल्या बऱ्याच प्रती १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपानंतरच्या आगीत जळाल्या. १९११ मध्ये स्कॅमन यांचे ओकलंड येथे निधन झाले. आज तोच ग्रंथ या विषयातला पायाभूत मानला जातो.

पुढे काय झाले?

१९४६ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर करड्या देवमाशांच्या व्यापारी शिकारीवर बंदी आली. १९७२ मध्ये मेक्सिकोने ही खाडी देवमाशांसाठी राखीव केली, तर १९९३ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा यादीत स्थान दिले. खाडी उथळ आणि बंदिस्त असल्यामुळे इथे शिकार सोपी होती. त्याच कारणाने आता देवमासे जवळून पाहता येतात. दक्षिणेकडच्या सान इग्नासिओ खाडीत तर माद्या पिलांना घेऊन स्वतःहून होड्यांजवळ येतात.

धोका टळला का?

नाही. २०१६ च्या सुमारास २७ हजारांच्या आसपास असलेली संख्या २०२५ च्या अंदाजात सुमारे १३ हजारांवर आली. उत्तरेकडील समुद्रांत अन्नसाखळीत झालेले बदल हे त्याचे प्रमुख कारण मानले जाते. किनाऱ्यालगत जाणाऱ्या देवमाशांवरून स्कॅमन यांनी आपल्या ग्रंथात संख्येचा अंदाज दिला होता. शास्त्रज्ञ आजही हिवाळी प्रवासाच्या वेळी किनाऱ्यावरूनच त्यांची मोजणी करतात.