कोल्हापूरचा न्यू पॅलेस ज्याने घडवला, त्यालाच वाटत होतं तो कोसळणार!

अंबाबाईचं दर्शन, रंकाळ्यावर फेरफटका आणि तांबडा-पांढरा झाला की कोल्हापुरात आलेला पाहुणा न्यू पॅलेस बघायला जातोच. काळ्या दगडाच्या या राजवाड्यासमोर फोटो सगळेच काढतात. पण ज्याने त्याचा आराखडा केला, त्याला तो पूर्ण झालेला बघायला मिळालाच नाही.

त्याचं नाव मेजर चार्ल्स मँट.

मँट ब्रिटिश फौजेच्या रॉयल इंजिनिअर्समधला अधिकारी. मुंबई इलाख्यात बांधकामं करणाऱ्या मँटला कोल्हापूर संस्थानानेही कामं दिली. १८७२ ते १८७६ या काळात त्याने कोल्हापूरचा टाऊन हॉल बांधला. उंच निमुळत्या छपरांची ही इमारत अस्सल युरोपियन, गॉथिक वळणाची.

त्याच सुमारास कोल्हापूरचं आणखी एक काम त्याच्याकडे आलं, पण ते होतं इटलीत. छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) युरोप दौऱ्यावरून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले. तेव्हा ते ऐन विशीत होते. आर्नो नदीच्या काठी त्यांच्यावर अग्निसंस्कार झाले आणि १८७४ मध्ये तिथे त्यांची छत्री उभी राहिली. तिचा आराखडा मँटचाच, पण घाट मात्र पूर्ण भारतीय.

पुढे मँटने हीच वाट धरली. घुमट, झरोके, कमानी, छत्र्या इथल्या आणि आतली सोय युरोपियन पद्धतीची. याच शैलीला इंडो-सारासेनिक म्हणतात. अजमेरच्या मेयो कॉलेजची मुख्य इमारत त्याने याच शैलीत रेखाटली. १८७७ मध्ये न्यू पॅलेसचं काम सुरू झालं आणि १८७८ मध्ये सयाजीराव गायकवाडांसाठी बडोद्याच्या लक्ष्मी विलास पॅलेसचं.

इतके अवाढव्य महाल एकाच वेळी उभे राहत होते आणि मँटच्या मनात मात्र भीतीने घर केलं. आपलं गणित चुकलंय, भिंतींना हा भार पेलणार नाही आणि सगळं कोसळणार, असं त्याला वाटू लागलं. त्याचं मानसिक संतुलन ढळलं. १८८१ मध्ये, चाळिशीच्या आसपासच, त्याचा मृत्यू झाला.

न्यू पॅलेस १८८४ मध्ये पूर्ण झाला. त्याच वर्षी कागलचे यशवंतराव घाटगे कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. तेच आपले राजर्षी शाहू महाराज. लक्ष्मी विलासचं राहिलेलं काम मद्रासचा वास्तुविशारद रॉबर्ट चिझम याने हाती घेतलं आणि १८९० मध्ये पुरं केलं.

१९६७ चा कोयनेचा भूकंप झाला, २००१ चा कच्छचा झाला. दोन्ही महाल आजही उभे आहेत आणि दोन्हींत राजघराण्यांचं वास्तव्य आहे. न्यू पॅलेसच्या तळमजल्यावर संग्रहालय आहे, तिथे पर्यटकांची गर्दी होते.

मँटचं गणित चुकलेलं नव्हतं.