शब्दांवाचून चेकॉव्ह

सैबेरियातील नोवोसिबिर्स्क शहराच्या ‘रेड टॉर्च’ नाट्यगृहात २०१५ साली दिग्दर्शक तिमोफेय कुल्याबिन याने अंतोन चेकॉव्हचे ‘तीन बहिणी’ हे नाटक रशियन खुणांच्या भाषेत उभे केले. नट सारे ऐकू-बोलू शकणारे. त्यांनी ही भाषा मुद्दाम आत्मसात केली. प्रेक्षकांसाठी संवाद पडद्यावर अक्षरांतून उमटत. ज्या नाटकात पात्रे चार अंक बोलतच असतात, त्यातील वाणीच काढून घेणे हा कित्येकांना निव्वळ चमत्कृतीचा हव्यास वाटेल. चेकॉव्हचे चरित्र पाहिले म्हणजे मात्र तसे वाटत नाही.

त्याचा आजोबा भूदास होता. पैसे भरून त्याने स्वतःची व कुटुंबाची सुटका करून घेतली. तागानरोगला १८६० साली जन्मलेल्या अंतोनच्या वडिलांचे किराणा दुकान १८७६ मध्ये बुडाले. कुटुंब मॉस्कोला निघून गेले. सोळा वर्षांचा अंतोन मागे एकटा राहिला आणि शिकवण्या करीत त्याने शाळा पुरी केली. पुढे मॉस्कोत वैद्यकी शिकत असताना विनोदी मजकूर लिहून त्याने घर चालविले. १८८४ साली तो डॉक्टर झाला. १८९० मध्ये साखालीन बेटावर जाऊन त्याने कैदी व वसाहतकरी मिळून हजारो माणसांची नोंद केली. रोगी सांगतो एक आणि त्याचे शरीर सांगते दुसरेच, हे डॉक्टराला ठाऊक असते. चेकॉव्हच्या नाटकांचे मूळ त्याच्या वाङ्मयीन मतांपेक्षा या सवयीत शोधावे.

१८९७ मध्ये क्षयाने उघड रूप धारण केले व त्याला याल्ताच्या उबदार हवेत राहावे लागले. मॉस्को आर्ट थिएटरसाठी १९०० साली त्याने ‘तीन बहिणी’ लिहिले. वाचन ऐकून नटमंडळी बुचकळ्यात पडली. एक लांबलचक स्वगत काढून त्याने त्या जागी अवघे तीन शब्द ठेवले, अशी आठवण स्टानिस्लाव्हस्कीने नोंदविली आहे. १९०१ च्या आरंभी पहिला प्रयोग झाला तेव्हा लेखक परदेशात होता. माशाची भूमिका करणाऱ्या ओल्गा क्निपरशी त्याच वर्षी त्याचा विवाह झाला. पण ती मॉस्कोत रंगभूमीवर आणि तो याल्तात, असा बहुतेक संसार पत्रांतूनच झाला. १९०४ साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, जर्मनीतील बाडेनवायलर येथे तो वारला.

त्या नाटकात फेरापोंत नावाचा म्हातारा शिपाई आहे. त्याला नीट ऐकू येत नाही. बहिणींचा भाऊ आंद्रेई आपले दुःख त्याच्यापाशी मोकळे करतो, ते नेमके याचमुळे! बायको समजून घेत नाही, बहिणी हसतील याची धास्ती. म्हणून बहिऱ्यापाशी बोलायचे. खुणांच्या भाषेत ऐकणे म्हणजे पाहणे. समोरच्याने पाठ फिरविली की संभाषण तुटलेच. प्रोझोरोव्हांच्या घरात एरवी कानाला जे जाणवत नाही, ते नोवोसिबिर्स्कमध्ये डोळ्यांना दिसले.

एक आक्षेप मात्र उरतो, आणि तो रास्त आहे. रशियात या भाषेला कायद्याने दर्जा मिळाला तो २०१२ च्या अखेरीस. मॉस्कोत कर्णबधिर नटांचे स्वतंत्र नाट्यगृह मात्र १९६० च्या दशकापासून आहे. ज्यांची ही मायबोली, त्यांना त्या तीन बहिणींच्या भूमिका का मिळू नयेत?