पाखरांचे गाणे टिपणारे लुडविग कॉख

१८८९ साल. जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरी आठ वर्षांच्या लुडविगला वडिलांनी एक फोनोग्राफ आणून दिला. घरात पाळलेली पाखरे होती, त्यांत एक शामा होता. पोराने यंत्र त्याच्यापुढे ठेवले आणि मेणाच्या नळकांड्यावर शामाचे गाणे उमटले. पक्ष्याच्या गाण्याचे आज ठाऊक असलेले हे सर्वांत पहिले मुद्रण. भगिनींना नवल वाटेल, पण हा शामा मूळचा आपल्याकडचा. सह्याद्रीच्या दाट झाडीत आजही तो गातो. अर्थात लुडविगचा शामा पिंजऱ्यातला होता. रानातल्या पाखरांपर्यंत पोचायला त्यांना पुढे पुष्कळ वर्षे लागली.

लहानपणी ते व्हायोलिन वाजवीत, मोठेपणी गायक झाले. १९१४ च्या महायुद्धाने ते गाणे थांबले. १९२८ पासून ते ग्रामोफोनच्या धंद्यात शिरले आणि पुस्तकासोबत तबकड्या देण्याची नवी कल्पना त्यांनी तिथे रुजविली. वाचता वाचता ऐकायचे! पण कॉख ज्यू होते. हिटलरच्या राज्यात त्यांना थारा उरला नाही. १९३६ मध्ये, वयाची पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी इंग्लंड गाठले. देश सुटला, भाषा सुटली. बरोबर राहिला तो कान.

त्याच वर्षी निकल्सन या पक्षितज्ज्ञांबरोबर त्यांचे रानपाखरांच्या गाण्यांचे तबकड्यांसह पुस्तक निघाले, पुढच्या वर्षी दुसरा भाग. १९३८ मध्ये ज्यूलियन हक्सले यांच्याबरोबर प्राण्यांच्या आवाजांचेही पुस्तक झाले.

हे काम आज वाटते तितके सोपे नव्हते. टेप नव्हती. तबकडीवर आवाज कोरणारे जड यंत्र मोटारीत घालून रानाजवळ न्यायचे, तिथून लांबच लांब तारा ओढून झाडीत मायक्रोफोन लावायचा, आणि पहाटेच्या अंधारात वाट पाहत बसायचे. पाखरू गाऊ लागावे आणि नेमके तेव्हाच दूर कुठे कुत्रे भुंकावे किंवा आगगाडी जावी, की ती तबकडी वाया! बाळाला निजवताना दारावर फेरीवाला ओरडला म्हणजे जीव कसा होतो, ते आपणांस सांगायला नको.

युद्धकाळात त्याच इंग्लंडने त्यांना शत्रुदेशाचा माणूस म्हणून आईल ऑफ मॅन बेटावर काही काळ स्थानबद्ध केले. ज्या सत्तेपासून ते पळून आले, तिचेच माणूस ठरविले गेले, हे वाचताना मन कडू होते. सुटका झाल्यावर बी.बी.सी.ने त्यांना कामावर घेतले. त्यांचे जर्मन वळणाचे इंग्रजी श्रोत्यांना इतके आवडले, की नकलाकार त्यांची नक्कल करू लागले. त्यांचा ध्वनिसंग्रह पुढे बी.बी.सी.च्या निसर्ग-ध्वनिभांडाराचा पाया ठरला. १९५५ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले.

१९७४ मध्ये, ब्याण्णव वर्षांचे होऊन ते वारले. आठ वर्षांच्या मुलाने टिपलेला तो शामा, खरखरीतून का होईना, आजही ऐकता येतो.