सुभेदाराचा मुलगा आणि लष्कराचा खर्च

बाबासाहेबांचे संसदीय कार्य म्हटले की संविधान आणि हिंदू कोड बिल एवढेच आठवते. लष्कराविषयी त्यांनी काय मांडले, याची चर्चा आपल्या व्यासपीठांवरही क्वचितच होते. वास्तविक हा विषय त्यांच्या घरातलाच होता.

सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. पलटणीत शिपायांना आणि त्यांच्या मुलामुलींना सक्तीने शिकवले जाई. गावाने ज्याला अक्षरापासून दूर ठेवले, तो पलटणीत लिहूवाचू लागला. निवृत्तीनंतर हे कुटुंब साताऱ्यात राहिले. भीमाबाई तेथेच वारल्या. 7 नोव्हेंबर 1900 रोजी भिवाचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, दाखल झाले. पुढच्याच वर्षी वडिलांकडे गोरेगावला निघालेली मुले मसूर स्टेशनवर उतरली. अंगावर चांगले कपडे होते, पण जात कळताच गाडीवान मिळेना आणि वाटेत पाणीही मिळेना. सुभेदारी पलटणीबाहेर चालत नव्हती.

त्यातच 1892 च्या सुमारास इंग्रजांनी ‘लढाऊ जातीं’चे थोतांड पुढे करून महारांची भरती बंद केली. नोकरी गेली, पेन्शन गेली, शाळाही गेली. पहिल्या महायुद्धात गरज पडली म्हणून 1917 साली 111 वी महार पलटण उभारली आणि 1921 साली मोडली. म्हणूनच गोलमेज परिषदेच्या संरक्षण उपसमितीत बाबासाहेबांनी भरती पात्रतेच्या कसोटीवर सर्व भारतीयांना खुली करा, अशी मागणी केली. 1941 साली ते संरक्षण सल्लागार मंडळावर गेले आणि त्याच ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. सातारा-सांगलीच्या तरुणांना मिरजेवरून बेळगाव किती लांब?

पण हेच बाबासाहेब 1951 साली मंत्रिमंडळातून बाहेर पडताना लष्करी खर्चावर बोट ठेवतात. वर्षाच्या सुमारे 350 कोटींच्या महसुलातले 180 कोटी लष्करावर जातात, आणि हे ओझे चुकीच्या परराष्ट्र धोरणाने लादले आहे, असे त्यांचे म्हणणे होते. हे निवेदन त्यांना सभागृहात वाचता आले नाही. प्रत आधी द्या, असा आग्रह झाला. ते सभात्याग करून बाहेर आले आणि त्यांनी ते वृत्तपत्रांना दिले. 1952 साली राज्यसभेत अर्थसंकल्पावर बोलतानाही त्यांनी हाच मुद्दा लावून धरला. लोककल्याणाचा पैसा लष्कर खाते, काश्मीरचा प्रश्न सोडवा म्हणजे हा खर्च उतरेल.

यात काहींना विसंगती दिसते. मला दिसत नाही. शिपायाच्या मुलाला शाळा मिळाली पाहिजे आणि शेतमजुराच्या मुलालाही. दुसऱ्या शाळेचे पैसे कुठून आणायचे, हा त्यांचा प्रश्न होता. संरक्षणाबाबत ते भाबडेही नव्हते. 26 ऑगस्ट 1954 रोजी राज्यसभेत त्यांनी तिबेटवरून चीनविषयी सावध केले आणि पंचशीलावरील विश्वासाची चिकित्सा केली. 1962 साली चीनचे आक्रमण झाले, तेव्हा त्यांच्या महापरिनिर्वाणाला सहा वर्षे होत आली होती. संरक्षण खाते सावरायला दिल्लीने बोलावले ते जुन्या सातारा जिल्ह्यातल्या, आजच्या सांगलीतील देवराष्ट्रे गावच्या यशवंतराव चव्हाणांना.