खर्जाचे कैवारी लिओ फेंडर

नाचगाण्याच्या मैफलीत खर्ज धरणाऱ्या वादकाचे नशीब अमेरिकेत एके काळी मोठे खडतर होते. ड्रम आणि ट्रंपेट यांच्या कल्लोळात त्याचा माणसाएवढा डबल बास ऐकणार कोण? त्याची कड घेणारे लिओ फेंडर यांचे अल्प चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

त्यांचा जन्म १९०९ साली कॅलिफोर्नियात झाला. बालपणीच एक डोळा गेला. १९३८ मध्ये फुलर्टन गावी त्यांनी रेडिओ दुरुस्तीचे दुकान घातले. गिटार वाजविणे त्यांना कधीच साधले नाही; मात्र वादकांची गाऱ्हाणी ते मन लावून ऐकत.

१९५१ साली त्यांनी विजेची बास गिटार काढली व पुढल्याच वर्षी तिच्याकरिता ‘बासमन’ नावाचा अँप्लिफायर. खर्ज कानास मुळात मंद लागतो, आणि तो उठविण्यास हवाही पुष्कळ हलवावी लागते. तेव्हा नुसती कळ पिळून काय होणार? आवाज फाटतो, इतकेच! पहिल्या बासमनला १५ इंची एकच स्पीकर होता. पुढे फेंडर यांनी १० इंची चार बसविले. हवा ढकलणारे क्षेत्र जवळजवळ पावणेदोन पट झाले. मात्र या पेटीची पाठ उघडी होती. मागून निघणारी लहर पुढच्या लहरीस मारते व ठोक्यातील जोम जातो. १९६१ च्या सुमारास बंद पेटी आली, तेव्हा कोठे ही गळती थांबली.

गंमत अशी की, उघड्या पाठीचा तो बासमन गिटारवादकांनीच पळविला, आणि लंडनच्या जिम मार्शल यांनी त्याच्याच नमुन्यावर १९६२ साली आपला अँप्लिफायर केला. प्रकृतीस्तव फेंडर यांनी १९६५ साली कंपनी विकली. पण बरे वाटताच पुन्हा हत्यारे हाती घेतली. ती सुटली १९९१ साली, मृत्यूनेच.