जुन्याचे सोने करणारे गुनपेई योकोई

महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात थोरांची चरित्रे आपण नेहमीच वाचतो. त्यांत सेनानी असतात, सुधारक असतात, साहित्यिक असतात. खेळणी करणाऱ्याचे पान त्या पंक्तीत मांडलेले मी तरी पाहिलेले नाही. म्हणूनच मी गुनपेई योकोई या जपानी कारागिराची निवड केली आहे. हातात धरून खेळायचे गेम बॉय हे यंत्र त्यांनी जगाला दिले. मला मात्र त्यांचे मोठेपण जाणवते ते त्या यंत्राच्या पाठीवरच्या एका खोबणीत.

योकोईंचा जन्म १९४१ साली क्योतो शहरात झाला. दोशिशा विद्यापीठातून इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण घेऊन १९६५ साली ते निन्टेन्डो कंपनीत लागले. ही कंपनी तेव्हा हानाफुदा नावाचे जपानी पत्ते छापत असे आणि योकोईंचे काम होते तिथल्या यंत्रांची देखभाल. रिकाम्या वेळात त्यांनी जाळीसारखा लांब होणारा, दुरून वस्तू उचलणारा एक हात करमणूक म्हणून बनवला. तो कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांच्या नजरेस पडला. नोकराची कानउघाडणी करण्याऐवजी त्यांनी ते खेळणे बाजारात आणायला सांगितले. १९६६ साली आलेल्या या अल्ट्रा हँडचे दहा लाखांहून अधिक नग खपले आणि देखभाल करणारा तरुण खेळणी घडवू लागला.

पुढे आगगाडीत एक प्रवासी वेळ घालवण्यासाठी गणकयंत्राची बटणे दाबत बसलेला त्यांना दिसला. त्यातून त्यांना खिशात मावणाऱ्या खेळाची कल्पना सुचली. १९८० सालच्या गेम अँड वॉचमध्ये गणकयंत्राचाच स्वस्त पडदा होता. १९८२ साली याच मालिकेतल्या डाँकी काँगसाठी त्यांनी अधिक चिन्हाच्या आकाराचे दिशादर्शक बटण योजले. मात्र एका यंत्रात एकच खेळ असे. त्याचा कंटाळा आला की दुसरे यंत्र घ्यावे लागे.

या अडचणीवर खोबण हा उपाय होता. खेळ कार्ट्रिज नावाच्या छोट्या डबीत साठवायचा, यंत्र कायम ठेवायचे आणि डबी बदलायची. अमेरिकेत १९७९ साली आलेल्या मायक्रोव्हिजनमध्ये डबी बदलता येई, पण यंत्राचा मेंदूही डबीतच असे. योकोई आणि त्यांचे सहकारी सातोरु ओकादा यांच्या चमूने १९८९ साली गेम बॉय आणला. त्यात मेंदू यंत्रात राहिला आणि डबीत फक्त स्मृती. खोबणीत ३२ धातूचे स्पर्शबिंदू होते. सुरू करण्याचा खटका सरकवला की एक छोटी जीभ डबीच्या कोपऱ्यातल्या खाचेत शिरे, म्हणजे खेळ चालू असताना डबी निघू नये. मुलांच्या हातांची किती ओळख असावी या माणसाला!

त्याच सुमारास अटारीचे लिंक्स आणि सेगाचे गेम गिअर ही रंगीत पडद्यांची यंत्रे आली. गेम बॉयचा पडदा हिरवट, चार छटांचा. पण गेम गिअरला सहा पेन्सिल सेल लागत आणि ते काही तासांत संपत. गेम बॉय चार सेलांवर कितीतरी अधिक चाले. जुने, स्वस्त, पारखलेले तंत्र घ्यायचे आणि त्याचा कोणाला न सुचलेला उपयोग करायचा, हे योकोईंचे सूत्र होते. गेम बॉय आणि त्याची रंगीत आवृत्ती मिळून अकरा कोटींहून अधिक यंत्रे खपली.

यशाची बाजू सांगितली, तशी अपयशाचीही सांगायला हवी. १९९५ सालचे व्हर्चुअल बॉय हे डोळ्यांना लावून पाहायचे, तांबड्या रेषांचे यंत्र साफ पडले. १९९६ साली योकोईंनी आटोपशीर गेम बॉय पॉकेट पूर्ण केला, एकतीस वर्षांची नोकरी सोडली आणि कोतो ही स्वतःची संस्था काढली. तिथे वंडरस्वान या नव्या यंत्राचे काम सुरू असतानाच, ४ ऑक्टोबर १९९७ रोजी, मोटार अपघातात त्यांचा अंत झाला. वय अवघे छप्पन्न. वंडरस्वान १९९९ साली बाजारात आले, ते पाहायला ते नव्हते.

त्यांची खोबण मात्र राहिली. पॉकेटपाठोपाठ १९९८चा गेम बॉय कलर, २००१चा ॲडव्हान्स, २००३चा ॲडव्हान्स एसपी या साऱ्यांत १९८९ची डबी चाले. ॲडव्हान्समध्ये ती थोडी बाहेर डोकावे, एवढेच. २००४च्या डीएस यंत्रात ॲडव्हान्सच्या डब्या बसत, पण जुन्या गेम बॉयच्या डब्यांना जागा उरली नाही.

आज नवे आले की जुने टाकण्याची आपल्याला घाई असते. ज्याने काल पैसे साठवून एक खेळ घेतला, त्याला उद्याच्या यंत्रानेही ओळख द्यावी, ही माणुसकी मला या खोबणीत दिसते. माणसाचे मोजमाप त्याच्या शेवटच्या अपयशावरून करावे, की त्याच्यामागे टिकून राहिलेल्या कामावरून? माझे उत्तर त्या बोटभर खोबणीपाशी थांबते.