चतुर पंडित

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानी संगीताची स्थिती मोठी विलक्षण होती. संस्थानिकांच्या दरबारी नामांकित गवई होते आणि त्यांना शेकडो चिजा मुखोद्गत होत्या. परंतु ही विद्या बहुधा पुत्राला किंवा निवडक शिष्यालाच मिळे. एखादा गवई निवर्तला, की त्याच्याबरोबर कितीतरी चिजा कायमच्या लोपत. ही हानी थांबविण्यासाठी पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी आपले आयुष्य वेचले.

त्यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी, गोकुळाष्टमीच्या दिवशी, मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. शिक्षण चालू असतानाच ते सतार शिकले. १८८५ मध्ये बी. ए. व १८८७ मध्ये एलएल. बी. होऊन ते वकिली करू लागले. तथापि त्यांचे मन संगीतातच रमे. मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीत त्यांनी रावजीबुवा बेलबागकरांकडून ध्रुपदे आणि इतर उस्तादांकडून ख्याल आत्मसात केले. एकच राग दोन गवई निरनिराळ्या रीतीने गात, आणि दोघेही शास्त्राचा आधार सांगत. पण ते शास्त्र कोणत्या ग्रंथात आहे, हे कोणालाच दाखविता येत नसे. हा प्रश्न भातखंड्यांच्या मनात घर करून राहिला.

अशातच १९०० मध्ये त्यांची पत्नी व १९०३ मध्ये त्यांची एकुलती एक कन्या निवर्तली. या दुःखाने ते खचले नाहीत. उरलेले आयुष्य त्यांनी संगीताला वाहिले आणि पुढे वकिलीही सोडली. १९०४ मध्ये त्यांनी दक्षिण हिंदुस्थानचा दौरा केला. तेथे व्यंकटमखींच्या ग्रंथातील बहात्तर मेळांची व्यवस्था त्यांनी अभ्यासिली. त्यानंतर त्यांनी उत्तरेकडील अनेक नगरे पालथी घातली. जयपूरचे महंमद अली खाँ कोठीवाल, रामपूरचे वजीर खाँ अशा गुणिजनांकडे हा सुशिक्षित वकील नम्रपणे शिष्य होऊन बसला. आपले धन सहसा कोणाला न देणाऱ्या या उस्तादांनी त्यांची तळमळ पाहून शेकडो चिजा त्यांना दिल्या.

मिळालेले धन त्यांनी स्वतःजवळ ठेवले नाही. चिजा लिहून ठेवण्यासाठी त्यांनी एक सोपी स्वरलिपी सिद्ध केली. स्वराखाली आडवी रेघ असली की तो कोमल. मध्यमावर उभी रेघ असली की तो तीव्र. मंद्र सप्तकातील स्वराच्या खाली टिंब, तर तार सप्तकातील स्वराच्या वर टिंब. या लिपीत त्यांनी सुमारे १८०० चिजा ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत दिल्या. रागांची दहा थाटांत मांडणी करून त्यांनी ‘हिंदुस्थानी संगीतपद्धती’ हा चार भागांचा ग्रंथ मराठीत लिहिला.

भातखंडे स्वतः रचनाकारही होते. ‘चतुर’ या नावाने त्यांनी अनेक लक्षणगीते रचली. लक्षणगीत म्हणजे ज्या रागात ते गायचे, त्याच रागाचे नियम सांगणारे गीत. त्यामुळे गाता गाताच विद्यार्थ्याला रागाचे स्वरूप पाठ होई.

१९१६ मध्ये बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने त्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरविली. १९१८ मध्ये ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय व १९२६ मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज त्यांच्या प्रयत्नांनी निघाले. लखनौची ती संस्था पुढे त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली.

त्यांच्यावर टीकाही झाली. दहा थाटांत सारे राग नीट बसत नाहीत, कागदावरच्या खुणांत गळ्यातील बारकावे उतरत नाहीत, असे जाणकारांनी म्हटले. त्यात तथ्य होते. परंतु जे लिहून ठेवले गेले, तेच पुढे तपासता आले, हेही तितकेच खरे.

१९३३ मध्ये पक्षाघाताने ते अंथरुणाला खिळले आणि १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेशचतुर्थीस, त्यांचे देहावसान झाले. एके काळी ज्या चिजेसाठी दरबारी उस्तादांची वर्षानुवर्षे सेवा करावी लागे, ती आज पनवेलसारख्या गावातील विद्यार्थीही पुस्तक उघडून अभ्यासू शकतो. घराण्यांच्या बंद दारांआडची विद्या अशी सर्वांची झाली.